एकाच आवारातले एक झाड हिरवे, दुसरे का सुकते?

प्रश्न : आमचे ठाण्यातील गृहसंकुल तीस वर्षांचे आहे. आवारात चार रेन ट्री, तीन सातवीण, दोन बहावे आणि प्रवेशद्वाराशी एक कडुनिंब आहे. गेल्या उन्हाळ्यापासून दोन रेन ट्रींच्या फांद्यांवर कापसासारखे पांढरे थर दिसतात, खाली उभ्या केलेल्या गाड्यांवर चिकट थेंब पडतात आणि एका झाडाची निम्मी पाने गळून गेली आहेत. जुलैमध्ये हिरव्या अळ्यांनी बहाव्यावर एक पान शिल्लक ठेवले नाही. सातविणीची पाने गाठींनी भरली आहेत आणि कडुनिंबाचे शेंडे करपल्यासारखे तपकिरी झाले आहेत. फवारणीच्या ठेकेदाराचे म्हणणे असे, की ही सगळी झाडे आता कामातून गेली. ती काढून कीड न लागणारे कोनोकार्पस लावावे आणि तोवर दर महिन्याला औषध फवारावे. संस्थेच्या सभेत हा विषय येणार आहे. कीड एका झाडाला धरते आणि शेजारच्याला सोडते, ते कशामुळे? कीड न लागणारे सावलीचे झाड खरेच असते का?
— सचिव, एक गृहनिर्माण संस्था

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सभेच्या आधी पत्र लिहिलेत, हे फार बरे केलेत. तुमच्या आवारातल्या चार प्रकारच्या झाडांवर चार निरनिराळ्या गोष्टी घडत आहेत आणि त्या सगळ्यांवर एकाच टाकीतले औषध मारणे ही मोठी चूक ठरेल. रेन ट्रीच्या जिवाला खरोखर धोका आहे. कडुनिंबावर लक्ष ठेवायला हवे. बहावा आणि सातवीण यांना मात्र तुमच्याकडून सध्या काहीही नको आहे. हे असे का, ते समजण्यासाठी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे आधी वळतो, कारण उपाय त्याच्याच उत्तरात आहे.

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या पानांत, सालीत आणि चिकात कडू, तुरट, उग्र किंवा विषारी द्रव्ये साठवून ठेवते. बहुतेक किडे त्या वासानेच दूर राहतात. पण एखाद्या किड्याच्या पूर्वजांना पिढ्यान्पिढ्या ते विष पचवण्याची सवय जडलेली असते आणि मग तोच उग्र वास त्याला "जेवण इथे आहे" असे सांगू लागतो. डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हर्शाफेल्ट यांनी 1910 मध्ये हे अगदी साध्या प्रयोगाने दाखवले. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या ज्या पानांना तोंड लावत नसत, त्या पानांना त्यांनी मोहरीवर्गातील झणझणीत द्रव्य चोपडले, आणि अळ्या ती पाने खाऊ लागल्या. पान कोणत्या झाडाचे आहे याच्याशी अळीला कर्तव्य नव्हते. तिला ती चव हवी होती.

आपल्याकडे याचे सुंदर उदाहरण म्हणजे पुत्रंजीवाचे झाड. त्याचा मोहरीशी किंवा कोबीशी जवळचा संबंध नाही, तरी त्याच्यातही तीच मोहरीसारखी झणझणीत द्रव्ये आहेत; आणि कोबीवरच्या फुलपाखरांच्याच कुळातली अल्बाट्रॉस नावाची पांढरी फुलपाखरे नेमकी पुत्रंजीवाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. शेजारच्या आंब्याकडे किंवा जांभळाकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणजे एका झाडाला धरणे आणि दुसऱ्याला सोडणे हा नशिबाचा खेळ नाही, हा ओळखीचा प्रश्न आहे.

तुमच्या बहाव्याचे हेच झाले आहे. पावसाच्या सुरुवातीला नवी पालवी फुटली, की एमिग्रंट जातीची पिवळसर पांढरी फुलपाखरे ती शोधत येतात. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी पान थोपटते, कारण तिच्या पायांनाच चव कळते. ओळख पटली की एकेक अंडे घालते आणि पुढे जाते. त्यातून निघणाऱ्या हिरव्या अळ्या गुळगुळीत असतात, त्यांना खाजरे केस नसतात, त्यामुळे मुलांच्या अंगावर पडल्या तरी भीती नाही. (शेवग्याच्या खोडाला दिवसा झुंडीने चिकटून बसणारे केसाळ सुरवंट वेगळे, त्यांचे केस त्वचेला त्रास देतात आणि त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवायलाच हवे.) बहावा आणि हे फुलपाखरू यांचा सहवास आपल्या संकुलापेक्षा, शहरापेक्षा कितीतरी जुना आहे. पाने गेल्यावर बहावा मुळांत आणि खोडात साठवलेल्या अन्नावर पुन्हा पालवतो. तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहिले असेल, तर तो पुन्हा हिरवा झालेला दिसला असेल.

पाने खाल्ल्याने झाडाचे काहीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. केरळमधील निलांबूरच्या सागवान लागवडीत तेथील वनसंशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात पाने खाणाऱ्या अळीमुळे तरुण सागाची लाकडाची वाढ सुमारे 44 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. लाकूड विकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा तोटा आहे. सावली आणि फुले हवी असणाऱ्या तुमच्या संस्थेला बहाव्याच्या खोडाचा घेर वर्षाला थोडा कमी वाढला, तर त्याने काही अडत नाही. झाड मेले का, हा तुमचा प्रश्न आहे, आणि एकदा पाने खाल्ल्याने निरोगी पानझडी झाड मरत नाही.

सातविणीबद्दल थोडक्यात सांगतो. पान तोडले की जो पांढरा चीक वाहतो, ती पाने कुरतडणाऱ्यांविरुद्धची तिची ढाल आहे. या ढालीलाही तोड काढणारे असतात. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांवर वाढणारी क्रो फुलपाखराची अळी पान खाण्याआधी त्याची मधली शीर कुरतडते, चीक तिथेच गळून जाऊ देते आणि मग शिरेच्या पुढचा, चीक आटलेला भाग निवांत खाते. पिंपळाखाली उभे राहून अर्धे लोंबकळणारे पान दिसले तर त्याच्या शिरेकडे नीट पाहा, खाच दिसेल. सातविणीवरच्या गाठी करणारा किडा इतकेही कष्ट घेत नाही. तो अगदी बारीक, रस शोषणारा असतो. त्याची पिल्ले पानाला फसवून स्वतःभोवती गाठ वाढवून घेतात आणि त्या बंद घरात राहून रस पितात. बाहेरून मारलेले औषध गाठीच्या आत सहसा पोचतच नाही. पाने कुरूप दिसतात, त्यांतली काही लवकर गळतात, पण झाड उभे राहते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर अशा गाठींनी भरलेल्या सातविणी वर्षानुवर्षे फुलत आल्या आहेत.

आता रेन ट्रीकडे येतो, कारण सभेचा वेळ आणि संस्थेचे पैसे इथे लागायला हवेत.

फांद्यांवरचा तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पान कुरतडणारी अळी झाडाची सगळी कडू द्रव्ये पोटात घेते, पण पिठ्या ढेकूण आपली केसाहून बारीक सोंड पेशींच्या फटींतून थेट अन्नरसाच्या नळीपर्यंत नेतो. पानांत साठवलेले बरेचसे विष त्याच्या वाटेत येतच नाही. त्या रसात साखर भरपूर आणि नत्र फार थोडे असते. वाढीसाठी लागणारे नत्र मिळावे म्हणून तो प्रचंड रस पितो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. गाड्यांवर पडणारे चिकट थेंब ते हेच. त्यावर काळी बुरशी वाढते, जिला बागायतदार कोळशी म्हणतात, आणि ती पानांचा सूर्यप्रकाश अडवते.

रेन ट्री हे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले झाड. त्याचा रस शोषक किड्यांना चांगला मानवतो, हे माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. थायलंडमध्ये लाखेचे किडे मुद्दाम रेन ट्रीवरच पाळले जातात. आपल्याकडे लाखेसाठी कुसुंब, पळस आणि बोर ही झाडे वापरतात, आणि कुसुंबावर उत्तम वाढणारा कुसमी वाण वेगळा, पळस-बोरीवरचा रंगीनी वाण वेगळा. एकाच जातीच्या किड्यातही आवडी किती पक्क्या असतात, हे लाख पिकवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याइतके नेमके फार थोड्यांना माहीत असेल. मुंबई परिसरातही गेल्या दीड दशकात पिठ्या ढेकणाने ग्रासलेले अनेक मोठे रेन ट्री वाळून गेले. तुमच्या दोन झाडांकडे गांभीर्याने पाहायला हवे, ते म्हणूनच.

पण चार रेन ट्रींपैकी दोनच का, हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि ठेकेदाराने त्याचा विचार केलेला दिसत नाही. ही दोन झाडे गाड्या लावायच्या जागेत आहेत, असे तुमच्या पत्रावरून समजतो. तिथे फरशी किंवा काँक्रीट खोडापर्यंत भिडले असेल, तर मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही नाही. तहानलेल्या झाडात प्रथिनांचे विघटन होते, रसात विरघळलेले नत्र वाढते, आणि शोषक किड्याला तो रस अधिक सकस होतो. त्यात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बेसुमार छाटणी होत असेल तर लुसलुशीत नवे फुटवे आयतेच मिळतात. सुदृढ झाडाची प्रतिकारशक्ती अशी मुळाशी मारली जाते आणि दोष किड्याला दिला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी. रेन ट्रीचा घेर मोठा असतो. जमेल तर दीड-दोन मीटर माती मोकळी करा. कुदळीने खोल खणू नका, वरची मुळे तुटतील. फरशी उचला, माती हलक्या हाताने भुसभुशीत करा, वर पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत पसरा, आणि पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. संकुलात सांडपाण्यावर प्रक्रिया होत असेल तर ते पाणी चालेल.

किड्यासाठी काय करायचे, ते आता सांगतो. पूर्ण वाळलेल्या आणि कापसाने माखलेल्या फांद्या कापा. कापलेल्या फांद्या आवारातून ओढत नेऊ नका, जागीच पोत्यांत भरा, कारण नुकती जन्मलेली पिल्ले कपड्यांना, दोरांना चिकटून दुसऱ्या झाडावर जातात. हाताच्या टप्प्यातल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि त्यानंतर साबणाचे पाणी किंवा पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट ग्रीस लावा. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिड्यांना हाकलतात. मुंग्या थांबल्या की निम्मे काम होते.

इथे एक गोष्ट जवळून पाहायला शिका. पिठ्या ढेकणांत कधीकधी तसाच पांढरा, पण आकाराने मोठा, अंगावर मेणाच्या लांब झालरी असलेला किडा दिसतो. नारळाच्या हिराने त्याला हलकेच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हा मात्र चटचट चालू लागतो. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, 1898 मध्ये भारतात आणलेला, आणि प्रौढपणीही अळीपणीही पिठ्या ढेकणांचीच मेजवानी करणारा. माळी आणि रहिवासी त्याला शत्रू समजून चिरडतात, ते पाहून मला फार वाईट वाटते. ठेकेदाराची मासिक फवारणी पहिल्यांदा त्यालाच मारेल, कारण पिठ्या ढेकणाला मेणाचे कवच आहे आणि त्याची अंडी कापसात सुरक्षित आहेत. मासिक फवारणीला माझा स्पष्ट विरोध आहे. शिवाय तीस वर्षांच्या रेन ट्रीच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचत नाही. तो खिडक्यांतून घरात मात्र पोचतो.

कडुनिंबाने तुम्हाला गोंधळात टाकले असेल, कारण कडुनिंबाला कीड लागत नाही अशी आपली पक्की समजूत आहे. ती बरीचशी खरीही आहे. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिले, की टोळांनी सगळे ओरबाडले, कडुनिंब तेवढा हिरवा उरला. पुढे त्याच्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य जगभर कीटकनाशक म्हणून वापरात आले. पण टोळाला रोखणारी ढाल सगळ्यांनाच रोखते असे नाही. काजूच्या बागांना छळणारा ढेकण्या नावाचा, पिठ्या ढेकणाहून वेगळा किडा कडुनिंबाच्या कोवळ्या शेंड्यांत सोंड खुपसून रस पितो, त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते आणि शेंडे तपकिरी होऊन वाळतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि तेलंगणात पावसाळ्याच्या शेवटी असे करपलेले कडुनिंब पुष्कळ दिसले, आणि त्यांतले बरेचसे पुढच्या पालवीत सावरले. वाळलेले शेंडे थंडीत कापून टाका, झाडाला पाणी द्या आणि चैत्रातली पालवी पाहून पुढचे ठरवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कीड न लागणारे झाड बहुधा असे असते, ज्याचा किडा अजून गावात पोचलेला नाही. सुबाभूळ हे याचे ठळक उदाहरण. मेक्सिकोकडचे हे झाड चाऱ्यासाठी आणि जळणासाठी आपल्याकडे गावोगाव लावले गेले, आणि त्याला कीड नाही हा त्याचा मोठा गुण मानला जाई. त्याचा मायदेशीचा शोषक किडा 1984 मध्ये हवाईत दिसला आणि 1988 मध्ये भारतात पोचला. शेंडेच्या शेंडे त्याने चिकट करून वाळवले. गंमत अशी, की सुबाभळीचीच एक बहीण, ल्युसिना पॅलिडा, त्या किड्यापुढे टिकून राहिली, म्हणून पुढे तिच्याशी संकर करून टिकाऊ वाण तयार करण्यात आले. नैसर्गिक प्रतिकारशक्ती ही अशी, जातीजातीत वेगळी असते. आणि केवळ देशी असणे हाही विमा नव्हे: आपल्या देशी पांगाऱ्यावर 2004 नंतरच्या काळात आफ्रिकेकडची एक चिमुकली गांधीलमाशी आली, तिच्या गाठींनी पांगाऱ्याचे देठ आणि फुटवे फुगून वेडेवाकडे झाले, कारण या शत्रूची त्याला ओळखच नव्हती.

कोनोकार्पसला आज इथे फारसे कोणी खात नाही, म्हणजे त्याच्यावर अळ्या नाहीत, आणि म्हणून अळ्या टिपणारे पक्षीही नाहीत. मला हा त्याचा दोष वाटतो. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, हे सभेत जरूर सांगा.

लावायचेच असेल तर एकाच जातीची रांग लावू नका. तुमच्या चारही रेन ट्रींना एकच धोका आहे, तो त्यामुळेच. करंज लावा, त्याच्या पानांवर गाठी आणि नागअळीच्या रेघा दिसतील, तरी तो दणकट राहतो आणि एप्रिलमध्ये गार सावली देतो. बकुळ लावा, त्याची जाड चिवट पाने थोड्याच किड्यांना चावता येतात, जरी चिकूवरची पाने गुंडाळणारी अळी कधीकधी त्याच्यावर येते. तामण, पुत्रंजीव आणि जागा मोठी असेल तर कुसुंब लावा; कुसुंबाची लालबुंद पालवी पाहण्यासाठी लोक थांबतील. एका जातीची दोन-तीनपेक्षा जास्त रोपे नकोत, आणि शेजारी-शेजारी तर नकोतच.

तोडण्याचा ठराव मात्र सभेत येऊ देऊ नका. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय आवारातले झाडही तोडता येत नाही, आणि निम्मी पाने गळलेले झाड मेलेले नसते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने खरवडा. खाली ओलसर हिरवे दिसले तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर मागे सरकत खोडाच्या दिशेने पुन्हा खरवडा. चारही दिशांच्या फांद्या तपासा आणि लिहून ठेवा. त्याच वेळी दोन्ही आजारी झाडांच्या बुंध्याशी भुसा सांडलेला आहे का, खोडाला भोके आहेत का, तेही पाहा, कारण अशक्त झाडात खोडकिडा शिरतो आणि तो सालीखालचा जिवंत थर पोखरतो; तिथे पाणी आणि साबण पुरे पडणार नाही, भोकात तार घालून अळी काढावी लागेल आणि भोक मातीने लिंपावे लागेल. भुसा दिसला तर त्याचे आणि भोकांचे छायाचित्र काढून, भोके जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते लिहून, सभेच्या आधी मला पाठवा.